दादाच्या कानातली बाई

चावीवाला म्हटलं की लोकांना कुलपं आठवतात. ह्या चावीवाल्याने मात्र जन्मात एक कुलूप उघडलं नाही. उलट स्वतःच्या दुकानाची किल्ली आतच विसरून शटर ओढून घ्यायचा, आणि मग शेजारच्या सायकलवाल्याकडे पान्हा मागायला जायचा. त्याच्या चाव्या वेगळ्या होत्या, पंचवीस अक्षरी, मधेमधे रेघा असलेल्या. कुठलंही विकतचं सॉफ्टवेअर आणा, ते चावी मागून अडून बसलं की हा खुर्ची ओढणार, दोन बोटांनी टकटक करणार आणि म्हणणार, "झालं. वापरा बिनधास्त." फोटो स्टुडिओवाला, छापखानेवाला, नकाशे काढणारा इंजिनिअर, सगळ्यांच्या मशीनमध्ये ह्याच्याच चाव्या.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून आलेलं गिऱ्हाईक आपोआपच बसायचं. टेबलावर बशीभर स्क्रू, भिंतीला पोटं उघडी टाकलेले कॉम्प्युटर, आणि मागच्या फळीवर त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात नावं घातलेल्या डिस्कांची चळत. अंगात कायम काळा टीशर्ट, त्यावर एक विनोद छापलेला. तो गावात तिघांनाच कळायचा आणि बाकीच्यांना हा समजावून सांगायचा. समजल्यावरही कुणी हसायचं नाही, ते सोडा.

"चोरी कसली हो?" कुणी छेडलंच तर तो तावातावाने सुरू व्हायचा. "मी तुमची छत्री पळवली तर तुम्ही भिजणार. मी तुमच्या छत्रीसारखी दुसरी बनवली तर दोघंही कोरडे. ह्यात कुणाचं काय गेलं?"

हे ऐकून घ्यायला दर शनिवारी संध्याकाळी एक माणूस हटकून यायचा. कॉलेजच्या लॅबमध्ये काम करणारा दाढीवाला. त्याच्या लॅपटॉपवर इतके स्टिकर होते की मूळ रंग कुणाला ठाऊक नव्हता. हा मुक्त सॉफ्टवेअरवाला. म्हणजे जे लोक आपला कोड उघडा ठेवतात, घ्या म्हणतात, बदला म्हणतात, पुढे वाटा म्हणतात, त्या पंथाचा.

"तू वाटतोस ते दुसऱ्याचं," दाढीवाला म्हणायचा. "आम्ही वाटतो ते आमचं स्वतःचं. फरक कळतो का काही?"

"कळतो की! माझं चालतं, तुझं चालत नाही. मागच्या शनिवारी प्रिंटर जोडायला किती तास लागले?"

"चार."

"घ्या!"

"पण तो का चालत नव्हता ते मला कळलं. तुझं का चालतं हे तरी तुला माहीत आहे का?"

मग चावीवाला चहा मागवायचा. उत्तर नसलं की चहा, हा त्याचा नियम. दोघंही एकमेकांना अगदी बाद समजायचे आणि एक शनिवार चुकला तर दोघांनाही चैन पडायचं नाही.

आता ह्या माणसाला चोर म्हणायचं तर म्हणा, त्याची काही तक्रार नव्हती. पण त्याने पहिली चावी कुणासाठी बनवली ते ऐकून घ्या आणि मग म्हणा.

त्याचा एक दादा. ह्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा, एका मोठ्या दवाखान्यात फोनवर चौकशीच्या खिडकीला. कुठल्या डॉक्टरांची कुठली वेळ मोकळी आहे ते बघायचं, आजाऱ्याला सांगायचं, नोंद करायची. घरात पहिला कॉम्प्युटर आणला तो दादानेच, जुना, कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला. आणल्या दिवशीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने तो उघडला आणि धाकट्याला म्हणाला, "हात लाव. बिघडला तर बिघडला. बिघडल्याशिवाय कळणार कसं?" चावीवाल्याला जे काही येत होतं त्याची सुरुवात त्या टेबलावर झाली.

दादा एकतीस वर्षांचा झाला आणि त्याची नजर कडेकडेने जायला लागली. चौतिसाव्या वर्षी सगळं संपलं. दवाखान्याने काही त्याला काढलं नाही, माणसं चांगली होती. त्यांनी त्याला दाराजवळच्या बाकावर बसवलं. पगार चालू, काम काही नाही. रोज संध्याकाळी घरी आला की दादा बूट काढताना म्हणायचा, "आज पण बसलो." एवढंच. आठ महिने धाकट्याने हे ऐकलं.

स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारं एक सॉफ्टवेअर तेव्हा निघालं होतं. किंमत दादाच्या सात महिन्यांच्या पगाराएवढी. धाकट्याने ते एकोणीस दिवसांत फोडलं. ती पहिली चावी. महिन्याभरात दादा कानात इअरफोन घालून परत आपल्या खिडकीला बसला.

त्या सॉफ्टवेअरचा आवाज बाईचा होता, स्वच्छ आणि ठसठशीत. वहिनी, म्हणजे दादाची बायको, तिला "बाई" म्हणायची. "दिवसभर त्या बाई बोलतात ते ऐकता, आणि मी एक पिशवी आणायला सांगितली तर विसरता," असं तिचं रोजचं. दादा हसून म्हणायचा, "बाई एकदा सांगतात आणि थांबतात."

चोरून आणलेल्या बाई, त्यामुळे रुसायच्याही. कंपनीने काही नवीन केलं की अचानक गप्प. मग दुकानात फोन यायचा, "छोट्या, बाई रुसल्या बघ." चावीवाला हातातलं गिऱ्हाईक तसंच टाकून पळायचा. कुरकुर करायचा, कपाळावर आठ्या घालायचा, पण खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. सगळं शिकवणाऱ्या दादाला आपली गरज लागते ह्यात त्याला मोठं सुख होतं. अशी अकरा वर्षं गेली.

आणि मग दवाखान्यात तपासणी निघाली. कॉम्प्युटर विभागाचा नवा साहेब, दादाच्या निम्म्या वयाचा, खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "काका, बारा दिवसांनी वरून माणसं येणार. ज्याची कागदपत्रं नाहीत ते सगळं काढायचंय. तुमच्या ह्या आवाजाची पावती आहे ना?"

दादाने इअरफोनची तार बोटाला गुंडाळली. साहेबाला काय ते कळलं. तो बिचारा म्हणाला, "मी नवीन मागवायची चिठ्ठी पाठवतो, पण ते पुढच्या वर्षीच्या खर्चात बसेल. तोपर्यंत तुम्ही आरामात बसा."

त्या संध्याकाळी बूट काढताना दादा धाकट्याला म्हणाला, "मला परत बाकावर बसवणार."

"हॅ! पावतीच हवी ना? उद्या सकाळी देतो," चावीवाला म्हणाला. "शिक्क्यासकट."

"त्या पावतीखाली सही कुणाची लागेल?"

"तुझी."

"मग नको," दादा म्हणाला. "सॉफ्टवेअर तू आणलंस, मी वापरलं. अडलेला होतो, लाजलो नाही. पण खोट्या कागदावर सही करून त्या पोराच्या हातात नाही देणार मी. उद्या तो अडकेल."

चावीवाल्याच्या खिशात दुसरा उपाय नव्हता. दादा परत बाकावर बसणार, ह्या एका विचाराने त्याची झोप उडाली. सकाळी उठून तो तडक कॉलेजच्या लॅबमध्ये गेला. आजवर तिथे पाऊल टाकलं नव्हतं त्याने! दाढीवाल्याने सगळं ऐकलं. मान खाली घालून आलेला माणूस ओळखून त्याने एक शब्दही टोमणा मारला नाही, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. तो एवढंच म्हणाला, "आमच्याकडे आहे एक. स्क्रीन वाचणारं. फुकट आणि उघडं. पण आवाज जरा रुक्ष आहे."

जरा? तो आवाज म्हणजे हजेरी घेणारे मास्तर. चढ नाही, उतार नाही. वहिनीने ऐकलं आणि म्हणाली, "चला, सवत गेली आणि सासरा आला." पण घरच्या मशीनवर मास्तरांनी सगळं नीट वाचलं. दादाने मान डोलावली. चावीवाल्याचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तो भांड्यातून बाहेर आला. डॉक्टरांच्या वेळांचा जो तक्ता होता, त्यातल्या कुठल्याही चौकोनात गेलं की मास्तर एकच म्हणायचे, "रिकामं." पुढचा चौकोन, "रिकामं." दादाने त्यांच्यावर विश्वास ठेवून तासाभरात चार जणांना हाडांच्या डॉक्टरांकडे मंगळवारी साडेदहालाच बोलावलं. मग चौघांना फोन करून माफी मागितली. त्यातली एक आजी म्हणाली, "बाळ, तुझं लक्ष कुठे आहे?" दादाला ते फार लागलं.

चावीवाला कामाला भिडला. जेवणाच्या सुट्टीत तो खिडकीत यायचा, स्क्रीनकडे डोळे फाडून बघायचा. चौकोनात नावं दिसत होती. ठळक, काळी. ह्या सेटिंगला हात लाव, ते बदल. तीन दिवस गेले. दर वेळी तो म्हणायचा, "आता दिसतंय बघ व्यवस्थित," आणि दादा शांतपणे म्हणायचा, "रिकामं."

पाचव्या दिवशी चावीवाल्याने हात टेकले आणि ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाच लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखाद्या सॉफ्टवेअरच्या मालकाशी पत्रव्यवहार केला. आजवर तो त्यांच्या मागच्या दारानेच गेला होता. लिहिलं तेही जोरात. तक्त्याचे अकरा फोटो जोडले. प्रत्येकावर लाल बाण, लाल गोल. खाली एक टोमणा, "विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये अकरा वर्षांत असं कधी झालं नाही." विकतचं म्हणे! कुणी विकत घेतलं होतं?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कुठल्या तरी दूरच्या गावातून, सही केलेली नव्हती.

"नमस्कार. फोटोंसाठी आभार, मेहनत घेतलेली दिसते असं म्हणालो असतो, पण मला दिसत नाही. मी जन्मापासून आंधळा आहे. हे बनवणाऱ्यांतले बरेचसे माझ्यासारखेच आहेत. आम्हाला लागलं म्हणून आम्ही बनवलं. तेव्हा काय दिसतं ते राहू द्या. कुठली कळ दाबल्यावर काय ऐकू येतं? ज्याच्या कानात हे बोलतं त्यालाच लिहू द्या."

चावीवाल्याने ते तीनदा वाचलं. त्याचे कान तापले. टीशर्टवर विनोद घालून फिरणारा हा शहाणा, आंधळ्यांसाठीच्या सॉफ्टवेअरची तक्रार करायला त्याने चित्रं पाठवली होती! भर दुपारी शटर ओढून, किल्ली आत विसरून, तो दवाखान्यात गेला आणि दादाला ते उत्तर वाचून दाखवलं. लपवावंसं फार वाटलं, पण वाचलं.

दादा इतका हसला की पलीकडच्या खिडकीतली माणसं वळून बघायला लागली.

"आंधळ्याला फोटो? लाल बाणांसकट? अरे, एखादा मलाही द्यायचास की, भिंतीला लावला असता!"

"हस तू."

"बस इथे," दादा हसू आवरत म्हणाला. त्याने चाचपडत स्क्रीनचं बटण शोधलं आणि ती बंद केली. आपला इअरफोन काढून धाकट्याच्या हातात दिला. "घाल. अकरा वर्षं झाली. एकदा तरी घातलायस का हा?"

नव्हता घातला. एकदाही नाही. बाई रुसल्या की तो यायचा, स्पीकर लावायचा, दोन शब्द ऐकायचा, झालं म्हणायचा आणि जायचा. त्याने इअरफोन कानात घातला. दादाने कळ दाबली आणि कानात शिलाई मशीन सुटल्यासारखा आवाज सुटला. इतका भरभर की एक अक्षर हाती लागेना.

"हे काय आहे?"

"तक्ता. मी ह्याच वेगाने ऐकतो. लोक फोनवर थांबलेले असतात ना."

चावीवाला काळ्या स्क्रीनसमोर बसून राहिला. आपण दादाचे डोळे झालो अशी त्याची समजूत होती. दादा काय करतो ते त्याला माहीतच नव्हतं. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की वर बघवेना.

त्या रात्री नव्हे, त्याच दुपारी, सुट्टी संपायच्या आत, दादाने स्वतः लिहिलं. वीस ओळी. ही कळ दाबतो, हे ऐकू येतं. डावीकडून आलो तर रिकामं. वरून आलो तर रिकामंच, पण त्याआधी एक बारीकसा थांबा येतो, डावीकडून आलो तर तो येत नाही. तो थांबा चावीवाल्याला दहा जन्मांत कळला नसता. उत्तर तासाभरात आलं, "थांबा! तेच हवं होतं."

मग सुरू झालं त्या दोघांचं. पलीकडचा माणूस एकेक सुधारलेली प्रत पाठवायचा, दादा ती स्वतःच्या हाताने बसवायचा, ऐकायचा, लिहायचा. चावीवाला शेजारी स्टुलावर. त्याचे हात नुसते शिवशिवत होते. तिसऱ्या प्रतीला त्याने न राहवून माउसकडे हात नेला, तर दादाने बरोबर त्यावर चापट मारली. "तू बस. बिघडला तर बिघडला."

चौथी प्रत दहाव्या दिवशी आली. दादाने बाणाची कळ दाबली. थांबला. पुन्हा दाबली. मग मोठ्याने, मास्तरांच्याच आवाजात म्हणाला, "हाडांचे डॉक्टर. मंगळवार. साडेदहा. भरलेलं." आणि टेबलावर अशी थाप मारली की कुणाचा तरी चहा सांडला.

अकराव्या दिवशी दादाने बाईंना काढलं. काढण्याआधी त्याने त्यांच्याकडून त्या दिवसाचा सगळा तक्ता एकदा वाचून घेतला, अगदी सावकाश. "चांगली होती हो," तो म्हणाला. "मला बाकावरून हिनेच उठवलं." मग शेवटची कळही त्यानेच दाबली.

बाराव्या दिवशी साहेब वरच्या माणसांना घेऊन आला. चावीवाला मुद्दाम हजर होता, हातात परवान्याचा छापील कागद.

"पावती?" वरच्या माणसाने विचारलं.

"पावती नाही. परवाना आहे. कुणीही वापरा, उघडून बघा, वाटा, असा."

"फुकट?" त्याने चावीवाल्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग ह्यात कुणाचा काय फायदा? खरं सांगा, कुठून आणलंत?"

काय नशीब बघा! शिक्के मारलेल्या खोट्या पावत्यांवर आजवर कुणी भुवई उचलली नव्हती, आणि पहिल्यांदा खरा कागद आणला तर त्याच्यावर विश्वास नाही. तेव्हा दादाने इअरफोनची तार उपसली, परवाना उघडला आणि आवाज मोठा केला. मास्तरांनी पहिल्या कलमापासून वाचायला घेतलं, न थांबता, हजेरी घेतल्यासारखं. सातव्या कलमाला वरचा माणूस म्हणाला, "पुरे, पुरे," आणि त्याने रकान्यात बरोबरची खूण केली. फोन वाजला. दादाने तो उचलला.

झालं, सगळं छान झालं. आणि तिथून चावीवाल्याचं बिनसलं.

फोन येईना. आठवडा गेला, महिना गेला. मास्तर रुसणाऱ्यांतले नव्हते. काही अडलंच तर दादा थेट पलीकडच्या माणसाला लिहायचा, आणि आता दुसऱ्या दवाखान्यांतले दोन-तीन जण दादाला विचारायचे. एका शनिवारी दाढीवाल्याने नेहमीसारखी कुरापत काढली तर चावीवाला भांडलाच नाही.

"दादाला आता माझं काही काम नाही रे," तो म्हणाला. "अकरा वर्षं त्याची चावी माझ्या खिशात होती. मला वाटायचं मी ती त्याच्यासाठी सांभाळतोय."

त्या दिवशी चहा दाढीवाल्याने मागवला.

दोन महिन्यांनी दुपारी फोन आला. "छोट्या, ये जरा. बघ हे काय बोलतंय."

चावीवाला धावत गेला. जिना चढताना त्याला धाप लागली तरी थांबला नाही. दादा खिडकीत बसला होता, चेहऱ्यावर काही नाही. "नवीन प्रत आली," तो म्हणाला. "शेवटी मदत करणाऱ्यांची यादी असते. ती नीट वाचत नाहीये बहुतेक. घाल कानात."

"वेग कमी कर बाबा."

"केलाय. पहिलीच्या पोराला कळेल इतका."

चावीवाल्याने इअरफोन घातला आणि स्वतःहून डोळे मिटले. मास्तर एकेक नाव वाचत होते, लांबलांबच्या माणसांची, अनोळखी. मग तितक्याच कोरड्या आवाजात त्यांनी वाचलं, "चावीवाल्याचा दादा."

त्याने डोळे उघडले नाहीत.

"तुझं नाव का नाही दिलंस?" त्याने तसंच विचारलं.

"त्यांनी विचारलं, तुमची ओळख काय लिहायची," दादा म्हणाला. "मी खरी ती सांगितली. का, चुकीचं वाचतोय का तो?"

"नाही. बरोबर वाचतोय." चावीवाल्याने बाहीने नाक पुसलं. "परत लाव ना एकदा."

"तूच लाव. वरचा बाण. बघू नकोस, हाताने शोध."

त्याने चाचपडत कळ शोधली. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा सापडली.